थर्मल ड्रायव्हरला नकली तापमान देताना

प्रोसेसर तापला की त्याची गती उतरवायची, पंखा वाढवायचा आणि सगळेच हाताबाहेर चालले तर यंत्र बंद करायचे, ही कामे थर्मल ड्रायव्हर आणि त्यावरची कर्नलची यंत्रणा मिळून करतात. हा कोड लिहिणे फारसे अवघड नाही. तो खरोखर चालतो का हे पाहणे अवघड आहे, कारण त्यासाठी चिप तापवावी लागते. वातानुकूलित प्रयोगशाळेत ठेवलेला बोर्ड सगळ्या कोअरवर भार टाकूनही कधीकधी पहिल्या मर्यादेपर्यंत पोचत नाही. हेअर ड्रायरने तापवला तर आकडा कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. शेवटची मर्यादा पुन्हा पुन्हा गाठायची तर बोर्डच धोक्यात येतो. मग तो भाग न तपासताच माल पुढे जातो. तेच उपकरण मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे, पारा ४५ अंशांच्या वर असताना, बंद खोक्यात बसते आणि त्या कोडची पहिली खरी परीक्षा ग्राहकाकडे होते. हे टाळता येते, म्हणून हा लेख.

मार्ग असा, की सेन्सरच्या आकड्याच्या जागी आपण ठरवलेला आकडा ठेवायचा. लिनक्स कर्नलमध्ये ही सोय २०१३ पासून आहे. कर्नल बांधताना थर्मल इम्युलेशनचा पर्याय चालू केला की सिसएफएसमध्ये प्रत्येक थर्मल झोनच्या फोल्डरात इम्युल_टेम्प नावाची फाइल दिसू लागते. ती फक्त लिहिण्यासाठी आहे, वाचता येत नाही, आणि लिहिण्याचा अधिकार रूटलाच असतो. तिच्यात ८५००० लिहिले की झोनचे तापमान ८५ अंश सेल्सिअस आहे असे कर्नल धरतो आणि लगेच त्या झोनची फेरतपासणी करतो. एकक अंशाचा हजारावा भाग आहे, हे विसरू नका. नुसते ८५ लिहिले तर प्रोसेसर गोठणबिंदूपाशी आहे असा अर्थ लागू शकतो आणि थंड करण्याचे सगळे उपाय थांबतात. शून्य लिहिले की नकली आकडा रद्द होतो. त्यामुळे जवळजवळ शून्य अंश दाखवायचे असतील तर १ लिहावे लागते.

इथपर्यंतचे सोपे आहे आणि बरेच जण इथेच थांबतात. आकडा लिहितात, गती उतरलेली पाहतात आणि चाचणी पास झाल्याची खूण करतात. माझा आग्रह असा, की फाइलला हात लावण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहा: हा नकली आकडा साखळीत नेमका कुठे शिरतो? पाण्याच्या पाइपलाइनला मधल्या जोडातून पाणी सोडले तर पुढचे नळ तपासले जातात, टाकीकडचा भाग तसाच राहतो. इथली साखळीही लांब आहे. सेन्सर विजेचा एक संकेत देतो, त्याचा अंकी कोड होतो, तो रजिस्टरमध्ये येतो, हार्डवेअर त्याची मर्यादेशी तुलना करून इंटरप्ट देते, ड्रायव्हर कोडचे अंशांत रूपांतर करतो, कर्नलचा थर्मल गाभा ट्रिप पॉइंट, म्हणजे ठरवलेल्या तापमान-मर्यादा, तपासतो, गव्हर्नर निर्णय घेतो आणि कूलिंग डिव्हाइस तो अमलात आणतो. आकडा जिथे शिरतो त्याच्या अलीकडचे काहीही तुमच्या चाचणीत येत नाही.

आकडा शिरण्याच्या जागा मुख्यतः दोन आहेत.

पहिली जागा थर्मल गाभ्यात आहे. तुमच्या ड्रायव्हरने काहीच खास केले नसेल तर हीच वापरली जाते. कर्नल नकली आकडा झोनच्या नोंदीत जपून ठेवतो. तापमान विचारले गेले की तो ड्रायव्हरकडून खरा आकडा घेतो आणि उत्तर म्हणून नकली आकडा देतो. यासाठी ड्रायव्हरमध्ये एक ओळही लिहावी लागत नाही. म्हणून पहिला सल्ला हाच, की ट्रिप पॉइंट, गव्हर्नर आणि गती उतरवणे एवढेच तपासायचे असेल तर ड्रायव्हरला हात लावू नका. मात्र या पद्धतीत इंटरप्ट येत नाही. सेन्सर थंडच असतो, त्यामुळे हार्डवेअरच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. इंटरप्टचा हँडलर चुकीच्या रजिस्टरमध्ये पोच देत असेल, किंवा डिव्हाइस ट्रीमध्ये इंटरप्टचा क्रमांकच चुकला असेल, तरी ही चाचणी आनंदाने पास होते.

दुसरी जागा हार्डवेअरमध्येच आहे, पण ती चिप बनवणाऱ्याने ठेवलेली असावी लागते. सॅमसंगच्या एक्झिनॉस मालिकेतले तापमान नियंत्रण एकक हे याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे, आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्येच वाचायला मिळतो. एक्झिनॉस ४४१२मध्ये, म्हणजे गॅलॅक्सी एस ३ च्या एका आवृत्तीत आणि ओड्रॉइड यू ३ या बोर्डात असलेल्या चिपमध्ये, इम्युलेशनसाठी वेगळे रजिस्टर आहे. त्याचा सगळ्यात खालचा बिट सोय चालू-बंद करतो, आठव्या बिटापासून आठ बिटांत तापमानाचा कोड जातो आणि सोळाव्या बिटापासून वरच्या भागात एक मुदत. ती मुदत संपल्यावर हार्डवेअर खऱ्या सेन्सरऐवजी तुमचा कोड वाचू लागते. पुढची तुलना, इंटरप्ट, हँडलर हे सगळे खऱ्यासारखे चालते. याआधीच्या एक्झिनॉस ४२१०मध्ये ही सोय नव्हती. म्हणून तुमच्या चिपच्या माहितीपुस्तिकेत असे रजिस्टर आहे का, हे आधी शोधा. नसेल तर ड्रायव्हरमध्ये त्याचे सोंग आणण्यात अर्थ नाही, पहिलीच जागा बरी.

आता सुरक्षिततेबद्दल. या दोन जागांमधला जो फरक सांगतो आहे तो माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. थर्मल गाभ्याने आकडा बदलताना एक काळजी घेतलेली आहे. खरे तापमान क्रिटिकल ट्रिपच्या, म्हणजे यंत्र बंद करणाऱ्या शेवटच्या मर्यादेच्या, खाली असेल तरच नकली आकडा दिला जातो. खरे तापमान ती मर्यादा गाठते तेव्हा नकली आकडा बाजूला पडतो आणि खरा पुढे येतो. म्हणजे तुम्ही २० अंश लिहून विसरलात आणि चिप खरोखर पेटायला आली तरी शेवटचे संरक्षण जागे राहते. झोनला क्रिटिकल ट्रिपच नसेल तर अर्थातच ही काळजी निरुपयोगी ठरते. हार्डवेअरच्या जागेला यातले काहीच लागू नाही. ड्रायव्हरने इम्युलेशनचे स्वतःचे फंक्शन दिले असेल तर गाभा आकडा स्वतःकडे ठेवत नाही, सरळ ड्रायव्हरकडे सोपवतो. त्यानंतर ड्रायव्हर जो ‘खरा’ आकडा वाचून देतो तोच मुळी नकली असतो. खरे तापमान त्या क्षणापासून कुणालाच दिसत नाही, ना कर्नलला, ना तुम्हाला. म्हणून हार्डवेअर पद्धतीने कमी तापमान लिहून भार टाकण्याचा प्रयोग करू नका. करावाच लागला तर शेजारचा झोन खरा ठेवा. एक्झिनॉस ५४२२सारख्या चिपमध्ये कोअरसाठी आणि ग्राफिक्ससाठी वेगवेगळे सेन्सर आहेत. एकाला नकली आकडा द्या आणि बाकीच्यांवर नजर ठेवा. शेजारचा सेन्सर नसेल तर चिपवर बाहेरून थर्मोकपल चिकटवा.

ड्रायव्हरमध्ये काय लिहायचे

हार्डवेअरची सोय आहे असे धरू. थर्मल झोनच्या ऑपरेशन्सच्या स्ट्रक्चरमध्ये सेट_इम्युल_टेम्प या नावाची जागा आहे, तिथे तुमच्या फंक्शनचा पत्ता द्या. फंक्शनला तापमान हजाराव्या भागात मिळते आणि इंट प्रकाराचे असते. २०१५ च्या आधीच्या कर्नलमध्ये ते अनसाइन्ड लाँग होते. जुन्या कर्नलसाठी लिहिलेला ड्रायव्हर नव्यावर आणताना ही खूणगाठ बांधून ठेवा, नाहीतर उणे तापमानाचा भलताच मोठा आकडा होतो.

आत शिरताच मूल्य तपासा. एक्झिनॉसचा ड्रायव्हर शून्य सोडून एक अंशाखालचे काहीही नाकारतो, उणे तापमानही. एककाचा गोंधळ करून कुणी ८५ लिहिले तर त्याला तिथल्या तिथे त्रुटी मिळते. हा चांगला आडाखा आहे, पण तुमची चिप उणे तापमानात चालायची असेल तर तसाच उचलू नका. तुमच्या सेन्सरचा खरा आवाका घ्या. वरच्या बाजूलाही बंधन घाला. आठ बिटांत न मावणारा कोड मास्क करून गुपचूप कापला गेला तर १५० अंशांच्या जागी भलतेच कमी तापमान लिहिले जाऊ शकते, आणि ते हार्डवेअर पद्धतीत किती घातक आहे हे वर आलेच आहे.

मग रूपांतर. रजिस्टरला अंश कळत नाहीत, कोड कळतो. एक्झिनॉसमध्ये हा कोड प्रत्येक चिपसाठी वेगळा असतो, कारण कारखान्यात २५ आणि ८५ अंशांना घेतलेल्या मोजमापांच्या नोंदी चिपमध्येच कायमच्या कोरलेल्या असतात आणि ड्रायव्हर त्या दोन बिंदूंमधून रेषा काढतो. काही चिपमध्ये एकाच बिंदूची दुरुस्ती वापरतात. इथे एक सापळा आहे. इम्युलेशनमध्ये तुम्ही अंशांचा कोड करता आणि वाचताना त्याच नोंदी वापरून कोडचे अंश करता. नोंदच चुकीची वाचली गेली असेल तर चूक दोन्ही वेळा, उलट दिशांनी, होते आणि स्वतःलाच खोडून टाकते. ८५ लिहिले आणि ८५ वाचले यावरून कॅलिब्रेशन बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी रजिस्टरमधला कच्चा कोड छापून माहितीपुस्तिकेच्या सूत्राशी हाताने ताडून पाहा, आणि कॅलिब्रेशनची चाचणी खऱ्या उष्णतेनेच करा.

रजिस्टरमध्ये लिहिताना आधीची किंमत वाचा, मुदतीचे आणि तापमानाचे बिट पुसा, मग नवे भरा. कोणत्या बिटापासून कोड सुरू होतो हे कोडमध्ये आकड्याने कोरून ठेवू नका. एक्झिनॉस ७मध्ये तो सातव्या बिटापासून सुरू होतो आणि नऊ बिटांचा आहे. चिपची पिढी बदलली की अशी सरकवासरकव होतेच. लिहिण्याआधी रजिस्टरच्या ब्लॉकचे क्लॉक चालू करा आणि ड्रायव्हरचे म्यूटेक्स घ्या, म्हणजे हँडलरच्या थ्रेडशी टक्कर होणार नाही. शून्य आले तर फक्त चालू-बंदचा बिट उतरवा. सगळे काम इम्युलेशनच्या पर्यायाच्या अटीत ठेवा, म्हणजे पर्याय बंद असताना फंक्शन त्रुटी देऊन परतेल.

मुदत विसरू नका. लिहिल्यावर लगेच झोनचे तापमान दाखवणारी टेम्प फाइल वाचली तर जुना आकडा दिसू शकतो. चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये थोडे थांबा, आणि एका वाचनावर विसंबण्याऐवजी अपेक्षित आकडा येईपर्यंत काही काळ पुन्हा पुन्हा वाचा. बोर्ड सस्पेंड होऊन परत आल्यावर नकली आकडा टिकतो की जातो हेही पाहून नोंदवा. ड्रायव्हर जागे होताना सेन्सर नव्याने सुरू करतो, आणि त्यानंतरची चाचणी कशावर चालली आहे हे कळले नाही तर पुढचे सगळे निष्कर्ष संशयास्पद होतात.

आकडे कसे द्यायचे

स्टेप_वाइज गव्हर्नर बऱ्याच ठिकाणी मुळातच निवडलेला असतो, आणि तो तापमानाइतकाच त्याचा कल पाहतो. तापमान ट्रिपच्या वर आहे आणि चढते आहे, तर तो कूलिंग एक पायरी वाढवतो. स्थिर असेल तर जिथे आहे तिथे थांबतो. तुम्ही ८४ वरून एकदम ९० लिहिलेत तर त्याला एकदा चढ दिसतो, एक पायरी चढते, आणि नंतर तोच ९० सारखा मिळत राहिल्याने कल स्थिर ठरतो. कूलिंग डिव्हाइसची अवस्था १ वर अडकलेली पाहून गव्हर्नर बिघडला आहे असे वाटते. तो अगदी बरोबर वागत असतो. खरी चिप एका जागी थांबत नाही, म्हणून तुमचा आकडाही थांबू नये. पॅसिव्ह पोलिंगची मुदत डिव्हाइस ट्रीमध्ये मिलिसेकंदांत दिलेली असते. तिच्या थोडा वर अवधी ठेवून एकेक अंश चढवा: ८४, ८५, ८६, ८७. मग तसाच उतरवा.

उतरताना खास लक्ष द्या. बहुतेक चुका चढताना नाही, उतरताना सापडतात. हिस्टेरिसिस दोन अंशांचा असेल तर ८५ ची ट्रिप ८४ ला सुटता कामा नये, ८३ च्या खाली सुटली पाहिजे. ट्रिपच्या आकड्यावर नेमके आल्यावर, एक हजारांश अंशाने खाली आणि एक हजारांश वर काय होते, तेही पाहा. मात्र एक्झिनॉसचा ड्रायव्हर हार्डवेअरमध्ये लिहिण्याआधी हजाराने भागून अंशाचा अपूर्णांक टाकून देतो, तेव्हा तिथे ८५९०० आणि ८५००० एकच. पूर्ण कूलिंग सुटून सर्वोच्च गती परत मिळते का, हे शेवटी तपासा. थंड झालेले यंत्र कायम मंद चालत राहणे ही ग्राहकाला सगळ्यात त्रास देणारी आणि चाचणीत सगळ्यात कमी पकडली जाणारी चूक आहे.

पॉवर अॅलोकेटर हा गव्हर्नर असेल तर तापमान नकली असले तरी भार खरा द्या. तो कोअर किती वीज मागत आहेत याचा अंदाज त्यांच्या खऱ्या कामावरून काढतो आणि उपलब्ध वीज वाटून देतो. बोर्ड रिकामा बसलेला असताना ९५ अंश दाखवले तर मागणीच नसल्याने वाटपाचे आकडे विचित्र येतात. शिवाय त्याच्या नियंत्रणात जुन्या फरकांची बेरीज साठत जाते. आकडा बराच वेळ एकाच ठिकाणी ठेवला तर ती बेरीज फुगते आणि नंतरचे वागणे खऱ्यापेक्षा फार सुस्त किंवा फार कडक दिसू शकते.

निरीक्षणासाठी नुसती टेम्प फाइल पुरत नाही. कूलिंग डिव्हाइसच्या फोल्डरातली कर_स्टेट, सीपीयूफ्रीकच्या धोरणातली सध्याची वारंवारता, आणि कर्नल ट्रेसिंगमधले थर्मल विभागाचे तीन इव्हेंट, म्हणजे तापमान बदलले, ट्रिप ओलांडली, कूलिंग बदलले, असे सगळे एकत्र नोंदवा. ट्रेसमध्ये वेळेचा शिक्का असतो, त्यामुळे ट्रिप ओलांडल्यावर गती उतरायला किती उशीर लागला तेही मिळते. हार्डवेअर पद्धत असेल तर इंटरप्टची मोजणी आधी आणि नंतर पाहा. तो आकडा वाढला नसेल तर बाकी सगळे हिरवे दिसले तरी चाचणी नापास समजा. एक सावधगिरी: सेन्सर्स ही आज्ञा थर्मल झोनकडून आलेला आकडा दाखवते तेव्हा तोही नकलीच असतो. तिला स्वतंत्र साक्षीदार मानू नका.

क्रिटिकल मर्यादेची चाचणी सगळ्यात शेवटी ठेवा. तो आकडा लिहिला की यंत्र खरोखर बंद होते, ते नकली बंद होणे नसते. फाइल सिस्टीम आधी सिंक करा, शक्य असेल तर फक्त वाचण्यापुरती माउंट करा, आणि लॉग सीरियल कन्सोलवरून दुसऱ्या संगणकावर घ्या, कारण बोर्डावरचा लॉग शेवटच्या ओळी गमावतो. एक्झिनॉसमध्ये सर्वोच्च पातळीला हार्डवेअर स्वतःच वीज तोडते. तिथे हार्डवेअर पद्धतीने तो आकडा लिहिणे म्हणजे प्लग उपटणे. म्हणून ड्रायव्हरचे इम्युलेशन फंक्शन तात्पुरते काढून थर्मल गाभ्याच्या पद्धतीने आधी सॉफ्टवेअरचे सुरळीत बंद होणे तपासा आणि मग वेगळ्या चाचणीत वीज तुटणे. सुरळीत बंद व्हायला वेळ लागला तर सक्तीने बंद करण्याची मुदत कर्नलच्या रचनेत असते. ती शून्य ठेवलेली असेल तर सक्तीचा भाग चालतच नाही. ही किंमत बहुतेकांनी पाहिलेलीही नसते.

कधीकधी नकली आकड्याची गरजच नसते. कर्नल आणि ड्रायव्हर परवानगी देत असतील तर ट्रिप पॉइंटही लिहून बदलता येतो. पहिली ट्रिप ८५ वरून ४५ वर आणली आणि थोडा भार टाकला तर खरा सेन्सर, खरी तुलना आणि खरा इंटरप्ट असे सगळे एकाच वेळी तपासले जाते, चिपला इजा न होता. हार्डवेअर इम्युलेशन नसलेल्या चिपवर इंटरप्ट तपासायला मला हाच मार्ग पसंत आहे. आणि साखळीच्या अगदी वरच्या टोकाला, म्हणजे अँड्रॉइडवरचे तुमचे अॅप तापलेल्या फोनवर कसे वागते एवढेच पाहायचे असेल, तर अँड्रॉइड १० पासून थर्मल सर्व्हिसला शून्य ते सहा यांतली हवी ती तीव्रता आज्ञेने सांगता येते. त्यासाठी कर्नल नव्याने बांधण्याची गरज नाही.

विक्रीच्या कर्नलमध्ये इम्युलेशनचा पर्याय बंदच हवा. कर्नलच्या स्वतःच्या कागदपत्रांतही हा इशारा आहे: या फाइलमध्ये कमी तापमानाचा मारा करून कुणीही संपूर्ण तापमान नियंत्रण निकामी करू शकतो. रूटच्या अधिकाराची अट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. विसरलेली चाचणीची स्क्रिप्टही रूट म्हणूनच चालते. रिलीजच्या तपासणीत एक पायरी घाला: अंतिम प्रतिमा बोर्डावर बूट करायची, सगळे थर्मल झोन चाळायचे आणि इम्युल_टेम्प ही फाइल एकाही ठिकाणी सापडली तर ती प्रतिमा परत पाठवायची. चाचणीच्या प्रतिमेला बूट होताना मोठ्या अक्षरांत तसे छापायला लावा, आणि चाचणीची स्क्रिप्ट मध्येच तुटली तरी बाहेर पडताना प्रत्येक झोनमध्ये शून्य लिहिले जाईल अशी तिची रचना करा.